खेळ रचणाऱ्यांचा पगार

व्यापारी घरात मुलाच्या नोकरीची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न पगाराचा येतो, आणि त्यात गैर काही नाही. भाव विचारल्याशिवाय सौदा होत नाही. मग आयुष्याची ३०-३५ वर्षे ज्या कामाला द्यायची, त्याचा भाव न विचारता कसे चालेल? मुलगा संगणकशास्त्राचा पदवीधर असेल आणि बँकांची किंवा विमा कंपन्यांची सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपनीत लागला असेल, तर वडिलांना उत्तर चटकन मिळते. तोच मुलगा व्हिडिओ गेम तयार करणाऱ्या कंपनीत जातो म्हणाला, की घरात दोन पक्ष पडतात. एका पक्षाला हा सारा पोरखेळ वाटतो. दुसऱ्या पक्षाने कुठेतरी वाचलेले असते की या धंद्याची उलाढाल चित्रपटांच्या तिकीटविक्रीहून मोठी आहे. तेव्हा पगारही तसाच भरभक्कम असणार, असे तो धरून चालतो. दोन्ही पक्षांचा अंदाज चुकतो. मात्र दुसऱ्या पक्षाची चूक अधिक महाग पडते.

धंद्याची उलाढाल आणि गुमास्त्याचा पगार यांचा थेट संबंध नसतो, हे पेढीवर बसणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. तरीही आकडे पाहिलेले बरे. अमेरिकेत गेम व्यवसायातील वेतनाच्या पाहण्या अनेक वर्षे होत आल्या आहेत. २०१३ सालच्या वेतनाची एक पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे सरासरी वार्षिक वेतन सुमारे ९३ हजार डॉलर भरले. चित्रकार आणि अ‍ॅनिमेटर यांचे सुमारे ७४ हजार, खेळाची रचना करणाऱ्या डिझायनरचेही तेवढेच, आणि खेळातील दोष शोधून काढणाऱ्या टेस्टरचे सुमारे ५५ हजार. त्याच सुमारास अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी खात्याच्या हिशेबाने सर्वसाधारण सॉफ्टवेअर अभियंत्याचे मध्यम वेतन ९० हजार ते १ लाख डॉलर यांच्या दरम्यान होते. मे २०२४ मध्ये ते १ लाख ३३ हजारांवर गेले. सरासरी आणि मध्यम हे दोन वेगळे हिशेब आहेत. सरासरीला वरचे चार मोठे आकडे ओढून नेतात, मध्यमाला नेत नाहीत. म्हणून एकातून दुसरा सरळ वजा करू नये. पण एवढे दिसते की प्रोग्रॅमरच्या मूळ पगारात आभाळ-जमिनीचे अंतर नव्हते. अंतर होते ते पगाराच्या चिठ्ठीवर न दिसणाऱ्या गोष्टींत.

त्यातली पहिली गोष्ट म्हणजे शेअर. गूगल, मेटा, मायक्रोसॉफ्ट यांसारख्या कंपन्यांत अभियंत्याच्या मोबदल्याचे तीन भाग असतात : मूळ पगार, वार्षिक बोनस आणि कंपनीचे शेअर. हे शेअर बहुधा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हाती पडतात. अनुभवी माणसाच्या बाबतीत हा तिसरा भाग पहिल्याइतका, कधी त्याहूनही मोठा होतो. खेळ तयार करणाऱ्या बहुतेक कंपन्यांत हा तिसरा भाग नसतो किंवा नावापुरता असतो, कारण कित्येक स्टुडिओ खासगी मालकीचे असतात. दुसरी गोष्ट कामाचे तास, आणि तिसरी नोकरीचा टिकाऊपणा. या दोहोंकडे पुढे येऊ. त्याआधी ४५ वर्षांपूर्वीची एक हकीकत पाहावी लागेल. या धंद्यातील पगाराचे भांडण तिथेच जन्माला आले.

कॅलिफोर्नियातील अटारी ही कंपनी १९७६ मध्ये वॉर्नर कम्युनिकेशन्सने २ कोटी ८० लाख डॉलरना विकत घेतली. १९७८ मध्ये तिच्या कारभारासाठी रे कसार यांना आणले गेले. हे गृहस्थ कापड उद्योगातले. बर्लिंग्टन इंडस्ट्रीज या मोठ्या कापड कंपनीत त्यांची उमेदीची सारी वर्षे गेली होती. मालाचे वितरण, जाहिरात, खर्चावर नियंत्रण यांत त्यांचा हात कोणी धरला नसता, आणि अटारीची विक्री त्यांच्या काळात खरोखरच झपाट्याने वाढली. अटारीचे खेळ प्लॅस्टिकच्या काडतुसासारख्या डबीतून, म्हणजे कार्ट्रिजमधून विकले जात. एक खेळ त्या काळी बहुधा एकच माणूस रचत असे : कल्पना त्याची, चित्रे त्याची, आवाज त्याचे, प्रोग्रॅमही त्याचाच. डबीवर मात्र त्याचे नाव नसे. वॉरन रॉबिनेट या तरुणाने ‘अ‍ॅडव्हेंचर’ नावाच्या खेळात एक गुप्त खोली करून ठेवली आणि तीत आपले नाव लपवले, ते त्यामुळेच. कंपनीला याचा पत्ता लागला तेव्हा तो नोकरी सोडून गेलेला होता.

१९७९ च्या सुमारास विक्री खात्याने रचनाकारांमध्ये एक पत्रक फिरवले. कोणते खेळ किती खपले, याची ती यादी होती. जे खपते त्यासारखे आणखी करा, एवढाच हेतू. पण डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, अ‍ॅलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या चौघांनी ती यादी वेगळ्या नजरेने वाचली. सुमारे १० कोटी डॉलरच्या कार्ट्रिज विक्रीतला निम्म्याहून अधिक वाटा आपल्या चौघांच्या खेळांचा आहे, असे त्यांच्या लक्षात आले. आणि त्यांचा पगार? वर्षाला २०-३० हजार डॉलर. चौघे कसार यांच्याकडे गेले. संगीताच्या तबकड्या काढणाऱ्या कंपन्या गायकाला स्वामित्वधन देतात, पुस्तकाचा प्रकाशक लेखकाला देतो, तसे काही आम्हाला मिळावे, एवढे त्यांचे मागणे होते. क्रेन यांनी पुढे अनेकदा सांगितल्याप्रमाणे त्यांना उत्तर मिळाले ते असे, की कारखान्यात डबी जोडणाऱ्या कामगाराइतकेच तुमचे या खेळात महत्त्व आहे.

कसार यांच्या बाजूनेही थोडा विचार करावा. कापडाच्या धंद्यात नक्षी काढणारा पगारी असतो. नक्षी चालली म्हणून त्याला प्रत्येक वारामागे हिस्सा कोणी देत नाही. त्यांनी आपल्या धंद्याचा रिवाज इथे लावला. हिशेब चुकला तो एवढ्याच जागी, की कापडाला गिरणी लागते आणि नक्षीदार गिरणी खांद्यावर टाकून निघून जाऊ शकत नाही. या चौघांची गिरणी त्यांच्या डोक्यात होती. ऑक्टोबर १९७९ मध्ये त्यांनी जिम लेव्ही यांच्याबरोबर स्वतःची कंपनी काढली. लेव्ही संगीताच्या व्यवसायातून आलेले होते, म्हणून कलावंताला कसे वागवायचे ते त्यांना ठाऊक होते. नव्या कंपनीने रचनाकाराचे नाव आणि छायाचित्र खेळाबरोबरच्या पुस्तिकेत छापायला सुरुवात केली. अटारीने दावा लावला; १९८२ मध्ये तडजोड झाली. त्याच वर्षी क्रेन यांचा ‘पिटफॉल’ आला आणि पुढे त्याच्या ४० लाखांच्या आसपास प्रती खपल्या. या कंपनीचे नाव अ‍ॅक्टिव्हिजन. वाचकाने हे नाव ध्यानात ठेवावे.

मग प्रश्न असा, की एवढे होऊनही पगार मागे का राहिला? याचे निम्मे उत्तर १७७६ मध्येच लिहून झाले आहे. अ‍ॅडम स्मिथ यांनी ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये वेतन कमी-जास्त का असते याची पाच कारणे दिली : काम सुखाचे की त्रासाचे, शिकायला सोपे की अवघड, बारमाही की अधूनमधून, जबाबदारीचे की साधे, आणि त्यात यशाची शक्यता किती. जे काम करायला माणसे आपणहून रांग लावतात, त्याचा भाव पडतो. विमा कंपनीच्या हप्त्यांचे सॉफ्टवेअर लिहावे, असे स्वप्न लहानपणी कोणाला पडत नाही. खेळ रचण्याचे स्वप्न मात्र हजारो मुलांना पडते. ही आवड म्हणजे मालकाला फुकट मिळालेली सवलत होय. स्मिथ यांनी पाचव्या कारणाबरोबर आणखी एक गोष्ट सांगितली आहे. तरुण माणूस आपल्या नशिबाचा अंदाज नेहमी चढा बांधतो. लॉटरी चालते ती याच जोरावर.

राहिलेले निम्मे उत्तर भांडवलाचे आहे, आणि ते व्यापाऱ्याला अधिक लवकर पटेल. मोठा खेळ तयार व्हायला पाच-सहा वर्षे लागतात. अमेरिकेतील एका खटल्यात २०२३ मध्ये सोनीची काही कागदपत्रे नीट न झाकता सादर झाली, त्यातून ‘द लास्ट ऑफ अस’ या खेळाच्या दुसऱ्या भागाचा निर्मितीखर्च जगाला कळला. तो होता सुमारे २२ कोटी डॉलर. ऐन भरात तिथे सुमारे २०० माणसे पूर्णवेळ राबत होती. या धंद्यात कच्चा माल नाही, गोदाम नाही. खर्च होतो तो बहुतांशी पगारावर. म्हणजे पाच-सहा वर्षे २०० माणसांचा पगार चालू, आणि जमेच्या बाजूला शून्य. विक्रीच्या पहिल्या काही आठवड्यांतच निकाल लागतो. त्यातून मालाची किंमत वाढवता येत नाही. अमेरिकेत मोठ्या खेळाची किंमत २००५-०६ पासून २०२० पर्यंत ६० डॉलरवरच थिजली होती. महागाईच्या हिशेबाने २००५ चे ६० डॉलर २०२० मध्ये सुमारे ८० डॉलर होतात. वाढवून झाली ७०. उलट बँकेला सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी दरवर्षी परवान्याचे आणि देखभालीचे पैसे वसूल करते, आणि ग्राहक सहसा सोडून जात नाही. ज्याची वसुली दरमहा, तो मालक पगारात सढळ असतो. ज्याची वसुली सहा वर्षांनी आणि तीही देवाच्या भरवशावर, तो प्रत्येक नेमणूक दोनदा मोजतो.

या मोजणीचा सगळ्यात कडू भाग म्हणजे कामाचे तास. नोव्हेंबर २००४ मध्ये एका तरुणीने निनावी खुले पत्र प्रसिद्ध केले. तिचा वाग्दत्त वर इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स या मोठ्या कंपनीत प्रोग्रॅमर होता. आधी दिवसाला ८ तास आणि आठवड्याचे ६ दिवस, मग १२ तास आणि ६ दिवस, आणि शेवटी सकाळी ९ ते रात्री १० असे आठवड्याचे सातही दिवस. क्वचित एखाद्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाला सुटका. आठवड्याला ८५ तास भरतात, असा हिशेब तिने मांडला. जादा तासांचे पैसे नाहीत, बदली रजाही नाही. पत्र लिहिणाऱ्या एरिन हॉफमन होत्या, हे पुढे उघड झाले. कंपनीवर जादा तासांच्या वेतनासाठी दावे झाले. चित्रकारांचा दावा २००५ मध्ये १ कोटी ५६ लाख डॉलरना मिटला, प्रोग्रॅमरांचा २००६ मध्ये १ कोटी ४९ लाख डॉलरना. पहिल्या तडजोडीने कनिष्ठ चित्रकारांना तासावर वेतन आणि जादा तासांचा मोबदला मिळू लागला. मात्र त्यांच्या शेअरच्या पर्यायांवर पाणी सोडावे लागले. एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने थोडेसे परत घेतले, असाच तो सौदा.

पगाराची तुलना करताना म्हणून वार्षिक आकड्याला तासांनी भागले पाहिजे. ९३ हजार डॉलर आणि आठवड्याचे ४० तास असतील, तर तासाला सुमारे ४५ डॉलर पडतात. तोच आकडा आणि आठवड्याचे ६० तास असतील, तर ३० डॉलरही पुरते पडत नाहीत. कागदावर बरोबरीचा दिसणारा पगार असा तिसऱ्या हिश्श्याने घसरतो. सगळ्याच कंपन्यांत आणि वर्षभर ६० तास काम चालते असे नाही. पण खेळ बाजारात जाण्याआधीचे काही महिने हा धंदा माणसाला घरी जेवायला सोडत नाही, अशी त्याची ख्याती आहे. ती उगाच झालेली नाही.

बोनसचीही एक हकीकत सांगण्याजोगी आहे. ऑब्सिडियन या स्टुडिओने ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’ हा खेळ २०१० मध्ये दुसऱ्या कंपनीसाठी करून दिला. ठरलेली रक्कम एकरकमी. विक्रीवर स्वामित्वधन नाही. फक्त समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाले, तर बोनस. गुण मिळाले ८४. समीक्षकांची मर्जी हा पगाराचा आधार होऊ शकतो, हे कोणा जुन्या मुनिमाला सांगितले असते तर त्याने वही मिटून ठेवली असती. ऑब्सिडियनचे एक संस्थापक ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी ही गोष्ट २०१२ मध्ये स्वतःच जाहीरपणे सांगितली. त्याच वर्षी तो स्टुडिओ काही कर्मचाऱ्यांना काढूनही टाकत होता.

जपानमध्ये चित्र थोडे निराळे. तिथे पगार अमेरिकेहून बरेच कमी, पण माणूस सहसा काढला जात नाही. निन्टेन्डोचे अध्यक्ष सातोरु इवाता यांनी २०१४ मध्ये तोट्याचे दिवस आले तेव्हा स्वतःचा पगार पाच महिन्यांसाठी निम्मा केला. २०२३ मध्ये याच कंपनीने मूळ वेतन १० टक्क्यांनी वाढवले. कॅनडातील माँट्रियलमध्ये तर वेतनाचा काही भार अनेक वर्षे सरकारनेच उचलला : क्वेबेक प्रांताने १९९० च्या दशकात वेतनखर्चाच्या ३७.५ टक्क्यांपर्यंत करसवलत देऊ केली, आणि युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने १९९७ मध्ये तिथे ठाण मांडले.

या युबिसॉफ्टमुळेच विषय महाराष्ट्राच्या दारात येतो. तिचा पुण्यातील स्टुडिओ २००८ पासून आहे, मुंबईतला २०१८ पासून. बंगळूरमध्ये राजेश राव यांनी १९९७ मध्ये स्थापलेली ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही कंपनी २०१९ मध्ये रॉकस्टारने घेतली. भारतात या धंद्याचे बरेच काम दीर्घकाळ परदेशी खेळांसाठी चित्रे, प्रतिमा आणि चाचणी पुरवण्याचे राहिले, म्हणजे वर पाहिलेल्या यादीतील खालच्या ओळींचे. वरच्या ओळीचे काम आले तेव्हा ते टिकवणेही सोपे गेले नाही. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्‌स ऑफ टाइम’ या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती पुणे-मुंबईच्या स्टुडिओंकडे सोपवली होती. २०२० मध्ये तिची घोषणा झाली आणि २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे गेले. पालकांनी आणखी एक भेद ओळखावा. पैसे लावून खेळायच्या अ‍ॅपच्या कंपन्याही स्वतःला गेमिंग कंपन्याच म्हणवत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्या धंद्यावर कायद्याने बंदी आणली. मुलगा कोणत्या गेमिंगविषयी बोलतो आहे, हे पगाराच्या आधी विचारावे.

आणि मुलगा जातोच म्हणाला तर? त्याने कोणते काम धरले यावर बरेच अवलंबून आहे. ज्याच्या कौशल्याला खेळांच्या बाहेरही गिऱ्हाईक आहे, त्याला बरा पगार मिळतो. खेळाचे इंजिन लिहिणारा, एकाच वेळी लाखो माणसे खेळू शकतील असे सर्व्हर उभे करणारा, चित्र झरझर पडद्यावर आणण्याचे गणित जाणणारा अभियंता उद्या बँकेत, मोटार कंपनीत किंवा चिप तयार करणाऱ्या कंपनीत जाऊ शकतो. म्हणून त्याचा मालक त्याला दबकून असतो. केवळ खेळाचे टप्पे रचणाऱ्याला दुसरे दार नाही. ९३ हजार आणि ७४ हजार यांमधला फरक बुद्धीचा नसून त्या दुसऱ्या दाराचा आहे. एकट्याने खेळ करून श्रीमंत झालेल्यांची उदाहरणे मुले हमखास देतात, आणि ती खरीही असतात. एरिक बॅरोन यांनी ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने रचला. तो २०१६ मध्ये आला आणि २०२४ अखेर त्याच्या ४ कोटींहून अधिक प्रती खपल्या. पण ती चार वर्षे बॅरोन सिअ‍ॅटलच्या एका नाट्यगृहात अर्धवेळ द्वारपालाचे काम करत होते, आणि घरखर्च मुख्यतः त्यांच्या मैत्रिणीच्या कमाईवर चालत होता. हे भांडवल कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

आता अ‍ॅक्टिव्हिजन. चार पगारी माणसांनी खपाची यादी वाचून काढलेली ती कंपनी ब्लिझार्डशी जोडली जाऊन जगातल्या सर्वांत मोठ्या गेम कंपन्यांपैकी एक झाली. ऑगस्ट २०२० मध्ये ब्लिझार्डच्या कर्मचाऱ्यांनी आपापले पगार एका तक्त्यात निनावी भरायला सुरुवात केली. पुन्हा एक यादी, पुन्हा तीच नजर. कोणाला वाढ नाममात्र मिळाली होती, कोणी भाडे भागवण्यासाठी जेवण टाळत होते. त्याच वर्षी मुख्य कार्यकारी अधिकारी बॉबी कोटिक यांचा मोबदला, मुख्यतः शेअरच्या रूपाने, १५ कोटी डॉलरहून अधिक होता. डिसेंबर २०२१ मध्ये कंपनीच्या रेव्हन या स्टुडिओत १२ टेस्टरांना निरोप मिळाला, तेव्हा सहकाऱ्यांनी काम बंद पाडले. एप्रिल २०२२ मध्ये कंपनीने सुमारे १,१०० कंत्राटी टेस्टरांना कायम केले आणि किमान वेतन तासाला २० डॉलर ठरवले. मे महिन्यात रेव्हनच्या टेस्टरांनी १९ विरुद्ध ३ मतांनी संघटना स्थापली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही सारी कंपनी विकत घेतली; २०२२ च्या जानेवारीत जाहीर झालेला भाव होता ६,८७० कोटी डॉलर. व्यवहार पुरा झाल्यावर साडेतीन महिन्यांच्या आत, जानेवारी २०२४ मध्ये, मायक्रोसॉफ्टने आपल्या गेम विभागातील सुमारे २२ हजार माणसांपैकी १,९०० जणांना कमी केले.